आपला कोण, पाहुणा कोण?

फेब्रुवारी उजाडला की नागपुरात दोन गोष्टी तापू लागतात. एक ऊन आणि दुसरा रणजी करंडकाचा वाद. सदरला, महालात, इतवारीत कुठेही तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन पाच मिनिटे उभे राहा, वाद आपोआप कानावर येतो. "काऊन बे, टॉस जिंकून बॉलिंग कायले घेतली?" असे एकजण विचारतो. दुसरा म्हणतो, "बाहेरचे पोट्टे आणून काय भेटलं? आपले पोट्टे काय कमी आहेत?" तिसरा वयाने मोठा असतो. तो एवढेच म्हणतो, "बाहेरचे आले म्हणून तर करंडक पाहिला, भाऊ. नाहीतर साठ वर्षं आपण काय पाहिलं होतं?"

आज बोलायचे आहे ते या वादाबद्दल. वरवर पाहता तो क्रिकेटचा वाद आहे. पण तो नीट ऐकला तर लक्षात येते की लोक धावा आणि बळी मोजता मोजता एक वेगळाच प्रश्न विचारीत असतात. आपला कोणाला म्हणायचे?

आधी नियम पाहू, कारण अर्धे भांडण नियम ठाऊक नसल्याने होते. रणजी करंडकात प्रत्येक संघाला आपल्या भागाबाहेरचे जास्तीत जास्त तीन खेळाडू घेता येतात. खेळाडूला त्यासाठी आपल्या जुन्या संघटनेकडून ना-हरकत पत्र आणावे लागते. अशा खेळाडूला कोणी व्यावसायिक म्हणतात, कोणी पाहुणा खेळाडू. दुसरा नियम बाद फेरीचा. पाच दिवसांत निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे जातो. एका धावेची आघाडीसुद्धा पुरते. त्यामुळे एखादा झेल सुटला किंवा तासाभराची पडझड झाली की वर्षभराची मेहनत वाया जाते. बाद फेरीतले पराभव लोक वर्षानुवर्षे उगाळीत बसतात ते यामुळेच.

आता थोडे मागे जाऊ. विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला तो १९५७-५८च्या हंगामात. पण या मातीतल्या क्रिकेटची गोष्ट त्याहून जुनी आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला. १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले. पुढे होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. म्हणजे नागपूरचा सर्वांत मोठा क्रिकेटपटू दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि त्या घरचाच होऊन गेला. आज इंदूर त्यांना आपले म्हणते, नागपूरही म्हणते, आणि दोघांचेही खरे आहे.

पुढेही बराच काळ पाहुणे आपल्याकडे येत नव्हते, आपलेच बाहेर जात होते. वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य विदर्भाकडून खेळला, तसा बंगालकडूनही खेळला आणि भारतासाठी चार एकदिवसीय सामने खेळला. फैज फजल नागपूरचा, पण मधली काही वर्षे तो रेल्वेकडून खेळून परत आला. प्रीतम गंधेसारखा ऑफस्पिनर इथेच राहून वर्षानुवर्षे चेंडू टाकीत राहिला, पण त्याच्या काळात संघ करंडकाच्या जवळपासही नव्हता. बराच काळ तर विदर्भ खालच्या, म्हणजे प्लेट गटात होता. विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला तो उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाणकामगाराचा हा मुलगा २०११ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्लीला कसोटी खेळला.

पाहुण्यांचा खरा काळ सुरू झाला २०१४ मध्ये. तामिळनाडूचा बद्रीनाथ आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला. त्या हंगामात विदर्भाने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे नेमका तामिळनाडूच समोर आला. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या आघाडीवर तामिळनाडू पुढे गेला. पुढच्या हंगामात मुंबईचा वसीम जाफरही आला. पुन्हा उपांत्यपूर्व फेरी आणि या वेळी सौराष्ट्राकडून डावाने पराभव. तेव्हा टपरीवरच्या वादाला धार चढली. एवढे नावाजलेले फलंदाज आणले आणि वेळेला काय उपयोग झाला? त्यांच्या जागी घरची तीन मुले खेळली असती तर निदान ती तयार तरी झाली असती.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. एका संघात जागा अकराच. एक पाहुणा आला की यवतमाळचा, अकोल्याचा किंवा गोंदियाचा एक मुलगा बाहेर बसतो. त्या मुलाचे वय थांबत नाही. त्याच्या बापाने उधारीवर बॅट घेतलेली असते. दोन-तीन हंगाम बाहेर बसला की तो नोकरी शोधू लागतो. 'आपले पोट्टे' म्हणणाऱ्याच्या आवाजात जो राग असतो, तो या मुलाच्या वतीने असतो.

मग २०१७-१८ चा हंगाम आला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल. जाफर आदल्या हंगामात दुखापतीमुळे जवळजवळ खेळलाच नव्हता. या वेळी तो मानधन न घेता खेळला. कोलकात्याला उपांत्य सामना कर्नाटकशी झाला. पहिल्या डावात आपण १८५, ते ३०१. त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. दुसऱ्या डावात आपल्या संघाला सावरणारा होता गणेश सतीश, म्हणजे कर्नाटकचाच माणूस, आपल्या जुन्या घराविरुद्ध. कर्नाटकला १९८ धावा हव्या होत्या, ते १९२ वर बाद झाले. रजनीश गुरबाणीने त्या डावात ७ आणि सामन्यात १२ बळी घेतले. पाच धावांनी आपण जिंकलो.

अंतिम सामना दिल्लीशी आणि तोही इंदूरला, होळकर स्टेडियमवर. ज्या गावाने आपला नायडू नेला, त्याच गावात विदर्भाचे नशीब उघडायचे होते. दिल्लीच्या ध्रुव शोरेने १४५ धावा केल्या. गुरबाणीने त्याचा त्रिफळा उडवून हॅटट्रिक पूर्ण केली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी फक्त तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने, १९७२-७३ मध्ये, हॅटट्रिक केली होती. नंतर अक्षय वाडकरने १३३, आदित्य सरवटेने ७९, जाफरने ७८ आणि सिद्धेश नेरळने ७४ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला.

पुढच्या हंगामात घरच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखलाही. पहिल्या डावात आपली आघाडी होती अवघ्या पाच धावांची. सरवटेने त्या सामन्यात ११ बळी घेतले आणि पुजाराला दोन डावांत मिळून एकच धाव करू दिली. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने त्या हंगामात १०३७ धावा केल्या.

आता प्रश्न असा की २०१५ आणि २०१६ मध्येही पाहुणे होते आणि २०१८ मध्येही होते. मग फरक कशाने पडला? माझ्या मते याचे उत्तर धावफलकातच आहे, फक्त तो गोलंदाजीच्या बाजूने वाचायला हवा. सामना जिंकायचा तर समोरच्याचे वीस गडी बाद करावे लागतात. २०१७-१८ चा उपांत्य आणि अंतिम सामना पाहा. पाहुणे दोन, जाफर आणि सतीश, आणि दोघेही फलंदाज. बळी घेणारे सारे घरचे, उमेश यादव, गुरबाणी, सरवटे, अक्षय वखरे. पुढच्या वर्षी दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा यवतमाळचा अक्षय कर्णेवारही होता. जामठ्याचे मैदान २००८ मध्ये सुरू झाले आणि त्या सुमारास विदर्भात मुलांच्या प्रशिक्षणाकडे नीट लक्ष दिले जाऊ लागले. त्याचे पीक हाती यायला इतकी वर्षे लागली. पाहुण्यांनी एका बाजूने पडझड थांबवली, घरच्या गोलंदाजांनी दुसऱ्या बाजूने सामना जिंकला. पहिल्या दोन वेळी यातली एकच बाजू भक्कम होती.

यानंतर वाद मिटायला हवा होता. पण वाद मिटला तर ते नागपूर कसले! २०२३ मध्ये दोन नवे पाहुणे आले. कोण? तर ध्रुव शोरे आणि करुण नायर. सहा वर्षांपूर्वी ज्या दोघांनी आपल्याविरुद्ध शतके ठोकली होती, नेमके तेच. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईशी अंतिम सामना झाला. वाडकरने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली, मुंबईला २२४ वर रोखले आणि मग आपलाच डाव १०५ वर कोसळला. पुढे ५३८ धावांचे अशक्य लक्ष्य मिळाले. तरीही वाडकरने शतक काढले, नायरने ७४, हर्ष दुबेने ६५ धावा केल्या. एका टप्प्यावर लोक खरोखरच स्वप्न पाहू लागले होते. मग शेवटचे पाच गडी १५ धावांत गेले. मुंबईने बेचाळिसाव्यांदा करंडक उचलला आणि आपल्याकडे नाणेफेकीचे ते भांडण सुरू झाले. माझे विचाराल तर नाणेफेकीने तो सामना गेला नाही, १०५ ने गेला. पण नाणेफेकीवर भांडता येते, १०५ वर नुसते गप्प बसावे लागते.

पुढच्याच वर्षी याचे उट्टे निघाले. उपांत्य सामन्यात मुंबईला नागपुरातच ८० धावांनी हरवले. अंतिम सामना जामठ्याला, केरळशी. हे केरळवाले अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात गुजरातवर अवघ्या दोन धावांची आघाडी घेऊन आले होते. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेल झाला. त्या चेंडूचा गोलंदाज कोण होता? आपला आदित्य सरवटे. तो आता केरळचा पाहुणा होता.

अंतिम सामन्यात २४ धावांत तीन गडी गेले असताना दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. एक नागपूरचा, पहिलाच रणजी हंगाम खेळणारा, दुसरा कर्नाटकातून आलेला, कसोटीत त्रिशतक केलेला. दानिशने १५३ धावा केल्या. विदर्भ ३७९. मग केरळकडून सरवटे उभा राहिला आणि त्याने ७९ धावा केल्या. इंदूरला आपल्यासाठी केल्या होत्या तेवढ्याच! केरळचा डाव ३४२ वर संपला. सामना अनिर्णित, ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपला. दुसऱ्या डावात नायरने १३५ केल्या. हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला, यश राठोडच्या ९६० धावा हंगामात सर्वाधिक ठरल्या. दोघेही घरचे.

त्यानंतर नायर पुन्हा कर्नाटककडे गेला. गुरबाणी तर आधीच महाराष्ट्राकडे गेला होता. हे चालायचेच.

मग टपरीवरच्या त्या तिघांपैकी बरोबर कोण? 'आपले पोट्टे' म्हणणारा निम्मा बरोबर आहे. घरची मुले तयार झाली नसती तर कितीही पाहुणे आणून करंडक आला नसता. तो वयस्कर गृहस्थही निम्मा बरोबर आहे. दानिशसारख्या मुलाला समोरच्या टोकाला नायरसारखा सोबती मिळतो, तेव्हा तो एका दुपारी जे शिकतो ते वर्षभराच्या सरावात मिळत नाही. म्हणून पाहुणा आणावा का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तो गेल्यावर मागे काय उरले, हे पाहावे. त्याच्या शेजारी खेळलेली दोन मुले पुढे सात-आठ वर्षे संघ ओढणार असतील, तर ती जागा वाया गेली नाही. आणि मागे नुसते आकडे उरणार असतील, तर बाहेर बसलेल्या मुलाची तक्रार खरी आहे. निवड समितीने दर हंगामाअखेर हा हिशेब जाहीर मांडला, तर वाद होईल, पण अधिक शहाणा होईल.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे माझे लक्ष शेवटी शब्दांकडे जाते. ज्या मराठीत आपण हे सारे भांडण करतो, तिच्यातला 'हंगाम' फारसीतून आला. 'मैदान' तिकडूनच आले. 'गोलंदाज' मूळचा तोफेचा गोळा टाकणारा, त्यातला 'अंदाज' फारसी. त्यावरून आपण 'फलंदाज' घडवला, फळी आपली आणि अंदाज त्यांचा. हे शब्द कधीकाळी पाहुणे होते. आज ते काढून टाका आणि एका षटकाचे वर्णन मराठीत करून दाखवा! त्यांना ना-हरकत पत्र कोणी विचारले नाही. ते इथे राबले, इथल्या शब्दांशी जोडी जमवून बसले आणि घरचे झाले.

खेळाडूचेही तसेच आहे. सरवटे केरळकडून खेळला म्हणून परका झाला नाही आणि सतीश कर्नाटकात वाढला म्हणून त्याची कोलकात्याची खेळी उसनी ठरत नाही. जो ज्या दिवशी ज्या घरासाठी घाम गाळतो, त्या दिवशी तो त्या घरचा.