पॅकेट रेडिओवर मेल हरवली? आधी हे बघा

अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या हॅम मंडळींनो, ३ जून २०२० चं ‘निसर्ग’ वादळ आठवतंय ना? वीज गेली, मोबाइलही गेले. अशा वेळी बॅटरीवर चालणारं पॅकेट रेडिओचं बुलेटिन बोर्ड कामाला येऊ शकतं. पण त्यावरची मेल पोचली नाही तर?

पहिल्यांदा आपल्याच बोर्डावर मेलची स्थिती बघा. ‘एन’ असेल तर ती अजून रांगेतच आहे. ‘एफ’ म्हणजे पुढे गेली. ‘एच’ म्हणजे अडवून ठेवली आहे, सिसॉपने (बोर्ड चालवणाऱ्याने) सोडल्याशिवाय हलणार नाही. रांगेत अडकण्याचं कारण बहुतेकदा पुढच्या बोर्डाशी असलेली कच्ची लिंक असते. मुंबई-अलिबाग व्हीएचएफ पाण्यावरून मस्त जातं, श्रीवर्धनकडे मात्र डोंगर आडवे येतात.

मेल भलतीकडे गेली असेल तर पत्ता तपासा. कॉलसाइनपुढे त्या माणसाचं होम बोर्ड (जिथे तो आपली मेल घेतो), मग प्रदेश, देश, शेवटी खंड. लांबचं बोर्ड बहुतेकदा उजवीकडचे देश-खंडाचे भागच ओळखतं, त्यामुळे देशाचा कोड चुकला की मेल परदेशवारीला निघालीच म्हणून समजा! माणसाने होम बोर्ड बदललं असेल आणि ‘व्हाइट पेजेस’मध्ये (कोणाचं होम बोर्ड कोणतं, त्या यादीत) जुनीच नोंद असेल, तरीही मेल भलतीकडे जाते.

उशिरा आलेल्या मेलच्या डोक्यावरच्या ‘आर:’ ओळी खालून वर वाचा. प्रत्येक बोर्ड आपली वेळ आणि कॉलसाइन तिथे टाकतं. वेळ यूटीसी असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका. दोन ओळींत मोठी फट दिसली की दोषी सापडला.

सिसॉपला विचारताना मेलचा क्रमांक आणि बीआयडी (सगळ्या बोर्डांवर तोच राहणारा मेलचा ओळख-कोड) द्या. नुसतं ‘पोचली नाही हो’ म्हटलं तर तो बिचारा काय शोधणार?