मेरिट लिस्टच्या आधीचा न्याय

वैद्यकीय प्रवेशासाठी धडपडणाऱ्या मुलांना ‘ही पद्धत न्याय्य वाटते का?’ असं विचारलं, तर उत्तरं वेगवेगळी येतात. कारण या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत.

पेपर स्वच्छ होता का?
इथे मुलांमध्ये दुमत नाही. 2024च्या ‘नीट’चा निकाल 4 जूनला लागला, तेव्हा 67 जणांना 720 पैकी 720 गुण होते. 1563 जणांना, परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून, वाढीव गुण दिले होते. ते पुढे रद्द झाले आणि 23 जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. मात्र गैरप्रकार देशभर झाल्याचा पुरावा नाही, म्हणून संपूर्ण परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला. वाढीव गुणांची तरतूद परीक्षेआधी कुणाला सांगितलीच नव्हती. कमी गुण मुलं पचवतात. मागाहून आलेला नियम पचत नाही.

नियम सगळ्यांना सारखा आहे का?
महाराष्ट्रात राज्य कोट्यातल्या 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि 30 टक्के राज्यभरासाठी, असं सूत्र होतं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथल्या मुलांना जास्त गुण मिळवूनही जागा हुकायची. सप्टेंबर 2020 मध्ये हे सूत्र रद्द झालं. लातूर-नांदेडच्या मुलांना तो न्याय वाटला. जास्त जागांच्या विभागातल्यांना हक्काच्या जागा गेल्यासारखं वाटलं. दोघांचंही म्हणणं प्रामाणिक होतं.

सुरुवात सारखी होती का?
एकाला दोन वर्षं नामांकित क्लास, वर जमलं नाही तर ‘रिपीट’ करायची मुभा. दुसऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सला शिक्षकच नाही. तमिळनाडूने 2020 मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या 7.5 टक्के जागा राखल्या, त्या याच जाणिवेतून. उलट, सर्वोच्च न्यायालयाच्या 2005च्या इनामदार निकालाने खासगी संस्थांना 15 टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा दिली. तिथे पालकांची ऐपत महत्त्वाची ठरते. आरक्षणामुळे मेरिट बुडतं म्हणणाऱ्यांनी या जागांचा कट-ऑफही पाहावा. अनेक तरुण आता तो पाहू लागले आहेत, ही आशेची गोष्ट आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नियम अर्ज भरण्याआधी ठरावा आणि मध्येच बदलू नये. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक कोट्याचा कट-ऑफ सोप्या मराठीत समजावून सांगावा. कारण जागा हुकलेल्या मुलाला ती का हुकली, हे कळण्याचा हक्क आहे. आणि तालुक्याच्या अकरावी-बारावीला विज्ञानाचे पूर्णवेळ शिक्षक मिळावेत. पहिल्या दोन मागण्यांना फारसा खर्च नाही, त्या याच वर्षी पूर्ण होऊ शकतात. तिसरीला पैसा आणि वेळ लागेल. सरकारने सुरुवात मात्र तिच्यापासूनच करावी.