देशाचा हिशेब १,९०० डिस्कमध्ये

एकावर चौदा शून्ये, म्हणजे शंभर लाख कोटी. ॲमेझॉनच्या ‘एस-३’ या क्लाउड साठवणीत २०२१ सालीच एवढ्या फायली होत्या. जगातल्या लहानथोरांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला साडेबारा हजारांवर मिळाल्या असत्या.

आता सांगलीतल्या एखाद्या होलसेल औषध दुकानाचा हिशेब मांडू. रोज २०० बिले, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६०,००० बिले. एका बिलाला १० केबी धरले, तर वर्षाचा हिशेब ६०० एमबी. क्लाउडवर एवढ्या जागेचे भाडे महिन्याला दीड रुपयाच्या आत. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशात ६ कोटी ३३ लाख लघुउद्योग होते, त्यातले ४७.७८ लाख महाराष्ट्रात. सगळ्यांचा हिशेब एवढाच धरला, तरी तो २० टीबीच्या १,९०० हार्ड डिस्कमध्ये मावेल.

म्हणजे अडचण जागेची नाही. नेटचीही उरली नाही: २०१४ मध्ये सुमारे २६९ रुपयांना पडणारा एक जीबी डेटा २०१८ मध्ये पावणेबारा रुपयांवर आला. अंतराचीही नाही: २०१५ पासून पुण्यातच मायक्रोसॉफ्टचे डेटा सेंटर आहे आणि फायबरमधला प्रकाश सांगली-पुणे जाऊन-येऊन दोन-अडीच मिलिसेकंदांत करतो. कायद्याचा रेटा तर वाढतोच आहे. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीला होती, ती ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली.

तरी बॅकअप अजून गल्ल्यातल्या पेनड्राइव्हवरच असतो. सॉफ्टवेअरची वर्गणी खटकते, शिकवायला कुणी नसते आणि ‘आपला हिशेब दुसऱ्याच्या हाती कशाला?’ हा प्रश्न सुटत नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा गल्ला आणि पेनड्राइव्ह एकाच दुकानात होते. उलट, क्लाउडवर एक कोटी फायली ठेवल्या, तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल, असे ॲमेझॉन सांगते.

ही हमी यंत्राच्या बिघाडापुरती आहे. फुटलेल्या पासवर्डपासून किंवा चुकून दाबलेल्या ‘डिलीट’पासून ती वाचवत नाही. म्हणून व्यापारी बंधुभगिनींनो, हिशेब क्लाउडवर जरूर न्या. पण पासवर्डला ओटीपीची जोड द्या, दर महिन्याला एक प्रत स्वतःकडे उतरवून घ्या आणि सेवा सोडताना सगळा डेटा परत मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा.