दिवसाला एक लाख गाणी, पण निवडतं कोण?

ल्युमिनेट ही संगीताच्या धंद्याची मोजदाद ठेवणारी अमेरिकी कंपनी. तिच्या हिशेबानं २०२४ साली जगभरच्या ऑनलाइन सेवांवर रोज सरासरी ९९,००० नवी गाणी चढत होती. एकेक गाणं तीन मिनिटांचं धरलं, तर एका दिवसाची आवक झोप-जेवण सोडून नुसती ऐकायला २०६ दिवस लागतात. तुळजापुरात घटस्थापनेला हेडफोन लावून बसलेला माणूस येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा उलटून गेली तरी ऐकतच असेल. तोवर आणखी दोन कोटी गाणी येऊन पडलेली असतील.

त्या वर्षअखेरीचा एकूण साठा २० कोटी २० लाख ध्वनिमुद्रणांचा होता. सलग ऐकायची तर साधारण १,१५० वर्षं. तेरच्या गोरोबाकाकांचा जन्म १२६७ सालचा मानतात. हे ऐकणं आज संपवायचं असेल, तर त्यांच्याही जन्माच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती.

एकट्यानं होत नाही म्हणून वाटून घेऊ. २०११च्या जनगणनेत आपल्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत, तान्ह्या बाळाला धरून, प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ १२२ गाणी येतात. त्यांतल्या ५६ गाण्यांची गत अशी, की वर्षभरात सगळ्या जगात मिळून ती दहा वेळाही धड वाजलेली नाहीत. अशी एकूण ९ कोटी ३२ लाख गाणी आहेत. ५६ हा आकडा मराठी माणसाला ओळखीचा आहे. १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांनी गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक अशी दिली. लोक त्या वेळेला रेडिओपुढे येऊन बसत. आज तेवढीच न ऐकलेली गाणी जिल्ह्यातल्या एकेका माणसाच्या नावावर निघतात.

‘आताच्या गाण्यांत राम उरला नाही’ हे वाक्य लग्नघरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि त्याला आधारच नाही असं नाही. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातली, मुख्यतः पाश्चात्त्य, ४,६४,४११ ध्वनिमुद्रणं संगणकानं तपासली. सुरांच्या वळणांतलं वैविध्य कमी झालेलं, वाद्यांचे पोत एकसारखे होत गेलेले आणि आवाज मात्र चढलेला, असं त्यांना दिसलं. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकप्रिय गाण्याची गायनापूर्वीची सुरावट मोजली. १९८६च्या सुमारास ती वीस सेकंदांच्या वर होती, २०१५मध्ये पाच सेकंदांवर आली. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की गाणं ‘ऐकलं’ असं धरतात. त्याच्या आत ऐकणारा निसटू नये, म्हणून गायकाला दार उघडताक्षणी ओरडावं लागतं.

आपल्याकडचा गोंधळ याच्या अगदी उलट्या अंगानं चालतो. कमरेला संबळ बांधलेला असतो. एका काठीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, ते चामड्यावर घासून घुमारा काढायचा, दुसऱ्या काठीनं बोल वाजवायचे, आणि शेजारी तुणतुण्याची एकच तार वाजत असते. कदमराई गोंधळी आख्यानाला हात घालण्याआधी एकेका देवाला त्याच्या गावाचं नाव घेऊन बोलावतो : तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. सगळे आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि रात्र सरेपर्यंत कोणी उठत नाही. इथं ऐकणाऱ्यांनीच गाणाऱ्याला घरी बोलावलेलं असतं, म्हणून त्याला घाई नसते. माझ्या मते सगळा फरक या बोलावण्यात आहे. गाणारे आजही चांगले आहेत, आपण बोलावणं सोडलं आहे.

बोलावण्याचा हक्क एकाच माणसाच्या हाती गेला तर काय होतं, तेही एका मराठी माणसानं दाखवून दिलं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलक्या दर्जाची आहेत, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर ती आधी आटली, मग जवळजवळ बंद पडली. श्रोत्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनवर नेली. त्याच वर्षी डिसेंबरात तिथं अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढं चार दशकं चालली. आकाशवाणीला १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकरांच्याच काळात गीतरामायण झालं, सुगम संगीताला जागा मिळाली, हेही विसरता येत नाही. पण मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की तेव्हा निवडणारा कोण हे नावानिशी ठाऊक होतं आणि सुई फिरवणं आपल्या हातात होतं.

आता ती सुई कुठं आहे? गाणं मोबाइलवर येतं, आणि मोबाइलवरच्या इंटरनेटचं एक मोठं दार म्हणजे ब्राउझर. गाण्यांची संख्या कोटींत गेली त्याच काळात ही दारं मोजकी होत गेली. वेबपान पडद्यावर उभं करणारी मोठी इंजिनं जगात आता तीनच उरली आहेत : गूगलचं ब्लिंक, अ‍ॅपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. ऑपेरानं २०१३मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टनं २०१८मध्ये सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि दोघंही गूगलच्या इंजिनावर गेले. २००८ साली आलेल्या क्रोमकडे आज जगाचा जवळजवळ दोन तृतीयांश वापर आहे. भारतात तर त्याहून बराच जास्त.

पहिल्या जागेची किंमत काय असते, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झालं. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये शोधयंत्र म्हणून आपणच आधीपासून बसलेलं असावं, यासाठी गूगलनं २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला २,००० कोटी डॉलर दिले. तेव्हाच्या दरानं दीड लाख कोटी रुपयांच्या वर. धाराशिव जिल्ह्यात वाटले असते, तर प्रत्येक माणसाच्या हातावर नऊ लाख रुपये पडले असते. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, शाळकरी पोराच्याही. हे पैसे कशाचे? वापरणारा सेटिंगमध्ये जाऊन काही बदलत नाही, या खात्रीचे. आपल्या न निवडण्याला जगाच्या बाजारात एवढा भाव आहे.

याआधी हे एकदा भोगून झालं आहे. २००३च्या आसपास इंटरनेट एक्स्प्लोररचा वाटा ९५ टक्क्यांच्या घरात होता. २००१मध्ये सहावी आवृत्ती काढल्यावर मायक्रोसॉफ्टनं सातवी आणायला पाच वर्षं लावली, कारण घाई करायला समोर कोणी नव्हतं. २००४मध्ये फायरफॉक्स आला तेव्हा हालचाल सुरू झाली. आज फायरफॉक्सचा वाटा दोन-तीन टक्क्यांवर आहे आणि त्याच्या चालकांचं बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येतं. तरी मी तोच वापरतो आणि ओळखीच्या प्रत्येकाला वापरायला सांगतो. क्रोम वाईट आहे असं नाही. वेग आहे, सोय आहे, मराठीही व्यवस्थित दिसतं. पण जगातल्या सगळ्या घरांना एकच सुतार दारं बसवणार असेल, तर कुलूप कसं असावं हेही तोच ठरवणार.

गाण्यातही तेच चाललं आहे. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं, आणि ते कोणी निवडलं हे विचारायची सवय मोडते. फ्रान्सची डीझर ही गाण्यांची सेवा. तिच्याकडे नोव्हेंबर २०२५मध्ये रोज सुमारे ५०,००० गाणी अशी येत होती, जी पूर्णपणे यंत्रानं बनवलेली आहेत. एकूण आवकेच्या ३४ टक्के. जानेवारीत हाच आकडा १०,००० होता. अशा गाण्यांच्या ऐकण्यातलं ७० टक्क्यांपर्यंतचं ऐकणं बनावट असल्याचंही डीझरनं सांगितलं आहे. म्हणजे यंत्रानं गायचं, यंत्रानंच ऐकायचं, आणि पैसा मात्र खऱ्या गायकांच्या वाट्यातून जायचा.

या ढिगापुढे एकच संग्रह ठेवावासा वाटतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अनेक वर्षं महाराष्ट्रातली हजाराहून जास्त गावं पिंजून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. २०१७पासून त्या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाक्रमानं येत आहेत, कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडता येतात. कित्येक पिढ्यांच्या बायकांनी पहाटेच्या अंधारात दळता दळता रचलेलं ते सगळं भांडार संख्येनं एका दिवसाच्या आवकेएवढं भरतं. त्या ओव्यांत माहेर आहे, भावाची वाट आहे, सासुरवास आहे, पंढरीची वारी आहे. त्या कोणाला पकडून ठेवण्यासाठी रचल्या गेल्या नाहीत, आणि तरी टिकल्या.

यातलं आपल्या हातात आहे ते अवघ्या दोन मिनिटांचं काम. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्राउझर आणि शोधयंत्र कोणतं ठेवायचं हे एकदा स्वतः ठरवा, मग ते क्रोम आणि गूगलच का असेना. गाण्याच्या अ‍ॅपमधलं आपोआप पुढं वाजणं बंद करा. आणि तुमच्या घरात, गल्लीत अजून कोणी ओव्या म्हणणारी आजी असेल, आराध्यांच्या मेळ्यात गाणारी मावशी असेल, नवरात्रात संबळ वाजवणारे काका असतील, तर या आठवड्यातच त्यांच्यापुढं बसा. त्यांना विचारून, अख्खं गाणं होईपर्यंत रेकॉर्डिंग करा आणि फाइलला त्यांचं नाव, गाव आणि साल द्या.