उत्पन्नातील विषमता आणि मृत्यूच्या जोखमीचे आर्थिक मूल्यमापन : विरार लोकलच्या संदर्भात

प्रस्तावना :
वसई-विरार परिसरातील असंख्य नोकरदार व कामगार दररोज पश्चिम रेल्वेच्या लोकलने मुंबईस जातात. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे 60 कि.मी. आहे. गर्दीच्या वेळी दारात लोंबकळत केलेल्या या प्रवासात मृत्यूची जोखीम असते. ती कमी करण्यासाठी किती खर्च करावा, हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

संकल्पना :
थॉमस शेलिंग यांनी 1968 मध्ये केलेल्या मांडणीनुसार येथे विशिष्ट व्यक्तीच्या प्राणाची किंमत ठरविली जात नाही. जोखमीतील अल्प घटीसाठी लोक किती रक्कम देण्यास तयार आहेत, हे पाहिले जाते. समजा, 10,000 प्रवाशांमागे वर्षाला एक मृत्यू टाळणाऱ्या उपायासाठी प्रत्येक प्रवासी 500 रुपये देण्यास तयार आहे. तर 'सांख्यिकीय जीवनमूल्य' 50 लाख रुपये होते.

उत्पन्नाचा प्रभाव :
ही तयारी ऐपतीवर अवलंबून असते. अल्प उत्पन्नाचे प्रवासी प्रत्येकी 100 रुपयेच देऊ शकले, तर हेच मूल्य 10 लाखांवर येते. याचा अर्थ त्यांना जीव कमी प्रिय आहे असा नव्हे; अधिक रक्कम दिल्यास घरातील धान्य, औषधे वा मुलांची फी यांना कात्री लागते. 25 डिसेंबर 2017 पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलची दारे आपोआप बंद होतात. परंतु तिचे भाडे साध्या द्वितीय वर्गापेक्षा कितीतरी अधिक आहे. साहजिकच बंद दाराची सुरक्षितता ऐपतीनुसार वाटली जाते.

कायद्यातील दोन दृष्टिकोन :
मोटार अपघातातील भरपाई मृताचे उत्पन्न व वय यांवरून काढली जाते. सरला वर्मा खटल्यात (2009) सर्वोच्च न्यायालयाने तिचे गुणक निश्चित केले. याउलट, रेल्वे अपघातातील मृत्यूसाठी 1 जानेवारी 2017 पासून सर्वांना समान 8 लाख रुपये भरपाई आहे. पूर्वी ती 4 लाख होती. भरपाई म्हणजे जोखमीचे मूल्य नव्हे. तथापि समानतेचे तत्त्व व्यवहारात आणता येते, हे यातून दिसते.

निष्कर्ष :
खर्च कोण करणार, हा येथे निर्णायक मुद्दा ठरतो. सुरक्षेचा खर्च भाडेवाढीतून गरीब प्रवाशांवरच पडणार असेल, तर त्यांच्या ऐपतीची दखल घेणे न्याय्य आहे. मात्र तो सार्वजनिक निधीतून होणार असेल, तर सर्व प्रवाशांसाठी एकच मूल्य धरले पाहिजे. अन्यथा उत्पन्नातील विषमतेचे रूपांतर जगण्याच्या संधीतील विषमतेत होईल.