‘डाकार’ कुठे बुडाली?

ब्रिटनकडून घेतलेली इस्रायलची ‘डाकार’ पाणबुडी जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट्समथहून हैफाकडे निघाली. २५ जानेवारीला मध्यरात्रीनंतर तिचा संपर्क तुटला. आत ६९ जण होते.

वर्षभराने तिचा आपत्कालीन बोया गाझाच्या किनाऱ्याला लागला आणि शोध भलत्याच दिशेला गेला. इजिप्तलगतचा समुद्र वर्षानुवर्षं धुंडाळला गेला. पाणबुडी सापडली ती १९९९ मध्ये, क्रीट आणि सायप्रसच्या दरम्यान, सुमारे तीन हजार मीटर खोल. तीही ठरलेल्या मार्गावरच! घरच्यांची ती एकतीस वर्षं कशी गेली असतील, कल्पनाही करवत नाही.

मर्यादेपलीकडे खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने पोलादी कवच चिरडलं गेलं, एवढं अवशेष सांगतात. ती खाली का गेली, याचा उलगडा झालेला नाही.

१९६८ या एकाच वर्षात फ्रान्सची ‘मिनर्व्ह’, सोव्हिएत ‘के-१२९’ आणि अमेरिकेची ‘स्कॉर्पियन’ याही पाणबुड्या बुडाल्या.