चौदा वर्षांच्या मुलीचं ‘आम्ही’

गुलटेकडी म्हटलं की पुणेकराला मार्केट यार्ड आठवतं: कांद्याची पोती, हमालांच्या हाका, टेम्पोंची कोंडी. १८५५ साली एका चौदा वर्षांच्या मुलीने याच जागेबद्दल लिहून ठेवलंय, की बाजीरावाच्या राज्यात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं उडवत आणि गुलटेकडीच्या मैदानात त्या डोक्याचा चेंडू नि तलवारीचा दांडू करून खेळत.

ही मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग मुलगी. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापला. जरा हिशेब करून बघा. पेशवाई बुडाली १८१८मध्ये, म्हणजे मुक्ताच्या जन्माआधी वीसेक वर्षं. मैदानावरचा तो खेळ तिने पाहिलेला नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला असणार. जे एरवी चुलीपाशीच विरून गेलं असतं, ते तिच्यामुळे छापखान्यापर्यंत पोचलं.

आणि ही मुलगी नुसती रडगाणं गात नाही, ती वाद घालते. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमच्याकडे धर्माचं पुस्तकच नाही. म्हणजे आम्ही धर्मरहित ठरलो. मग देवा, आमचा धर्म कोणता, तूच सांग! इतका रोखठोक तर्क मला तरी त्या काळात दुसरीकडे फारसा भेटलेला नाही. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हालही ती मांडते. आपलेपणाने डोळेझाकही करत नाही: महारसुद्धा मांगांना खालचे मानतात, हेही तिने लिहिलंय.

याच पुण्यात पेशव्यांच्या काळी माणसं विकली-विकत घेतली जात. कुणबीण, बटीक हे शब्द आपण आता शिवीसारखे ऐकतो. तेव्हा ती वाड्यांतून नि सरकारी कोठ्यांतून दळणकांडण करणाऱ्या, मालकाच्या ताब्यातल्या बायकांची रोजची नावं होती. पेशवे दफ्तरात त्या सापडतात, पण कारकुनाच्या अक्षरात, हिशेबाच्या ओळीत. १८४३च्या कायद्यानंतर कंपनी सरकारच्या कोर्टांनी माणसावरची मालकी मानणं थांबवलं. मुक्ता तेव्हा दोनेक वर्षांची. एकाही कुणबिणीचं आत्मचरित्र आपल्या हाती नाही. विकली न गेलेल्या, पण जनावरापेक्षा खाली मोजल्या गेलेल्या घरांतल्या या मुलीचा निबंध हाच त्याच्या जवळ जाणारा कागद.

तिकडे अमेरिकेत गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस स्वतःची कहाणी लिहीत होता. लहानपणी बाल्टिमोरच्या रस्त्यांवर गोऱ्या पोरांना पाव देऊन तो त्यांच्याकडून वाचायला शिकला होता. १८४५च्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर ‘स्वतः लिहिलेले’ असं मुद्दाम छापावं लागलं, कारण गुलाम लिहू शकतो यावर लोकांचा विश्वास बसेना. दुसरं आत्मचरित्र आलं ऑगस्ट १८५५मध्ये. मुक्ताचा निबंध छापून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते! दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. गंमत म्हणजे ‘ज्ञानोदय’ हे पत्रही अमेरिकन मिशनऱ्यांचंच, १८४२मध्ये अहमदनगरला निघालेलं. आणि १८७३मध्ये मुक्ताच्या शाळेच्या संस्थापकाने, जोतीरावांनी, ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली.

डग्लस ‘मी’ म्हणतो. मुक्ता मात्र ‘आम्ही’ म्हणते आणि स्वतःबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. मराठीत दलित माणसाचा तो ‘मी’ मोठ्याने ऐकू आला थेट १९७८मध्ये, दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये. तिथेही तो एकसंध नाहीच: शिकूनसवरून लेखक झालेला दया पवार समोर बसलाय, आणि त्याच्यातलाच दगडू मारुती पवार त्याला आपली कथा सांगतोय.